रजा मंजूर

अनसूये,
पत्राला उशीर झाला. पाणी पाचव्या दिवशी येतं,
आणि त्या दिवशी आमची शाळा हौदापाशी भरते:
किती बादल्यांचं एक पिंप,
एक पिंप कितीजणांना किती दिवस.
रेवण म्हणाला, तळाशी गढूळ उरतं तो अपूर्णांक.
मी बरोबर दिलं.

कडुनिंब फुललाय. ओटा झाडला
की तासाभरात पुन्हा पांढरा चुरा.
पाडव्याला पाला सगळ्यांनी चावला,
फक्त भार्गवीनं मागून घेऊन दुसऱ्यांदा.
ती शेजारची, दुपारची येते,
सकाळी तिची खरी शाळा असते.
'खरी' हा तिचाच शब्द. मी अजून खोडला नाही.

नान्नजच्या माळावर गेलो होतो, माळढोक बघायला.
पाच तास. काळवीट दिसले, चंडोल ऐकला,
डब्यातली कडक भाकरी वाऱ्यानं आणखी कडक झाली.
तो काही आला नाही.
अक्कूनं वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिली
आणि खाली:
'आज दिसला नाही. आम्ही मात्र होतो.'
यंदाची माझी मोठी बातमी हीच,
पण तुला दुसरी हवी असणार.

तर मी जातेय. वैशाखात. पोलंडला.
गावाचं नाव लिहायचं लोड्झ, म्हणायचं वूच.
मुलं आठवडाभर हसताहेत.
'म्हणजे तिथल्या पोरांचंही शुद्धलेखन चुकत असेल,'
भार्गवीला केवढा धीर आला.
तेही गिरण्यांचंच गाव, आपल्यासारखं.
घरी शिकवणारे कुठकुठले लोक तिथे जमणार,
मला वीस मिनिटं बोलायचंय,
विषय: टॉवेल.
भार्गवीच्या वडिलांच्या मागावर
उभे धागे गुणिले आडवे धागे करता करता
ही तिघं कानानं सांगायला शिकली,
कुठला धागा आत्ता तुटला.
हे इंग्रजीत कसं सांगायचं, विचार करतेय.

तिकिटाचे अर्धे ते देणार, अर्ध्यासाठी भिशी उचलली.
व्हिसाच्या फॉर्मवर मात्र अडले:
संस्थेचं नाव.
मालकाचं रजामंजुरीचं पत्र.
अकरा वर्षं लग्नाकार्यात हाच प्रश्न,
'पोरं कुठल्या शाळेत?'
आणि मी ताटातली चटणी भाकरीला लावत बसायची.
रात्री रेवणनं आखीव कागदावर लिहून दिलं:
'यांना नऊ दिवसांची रजा मंजूर.
पगार कापणार नाही, कारण पगार नाही.
येताना तिकडची मूठभर माती आणावी.'
खाली तिघांच्या सह्या, भार्गवीची तेलुगूत.
फाइलला शेवटी नवऱ्याच्याच पगाराचे कागद लावले.
हा कागद पासपोर्टच्या कव्हरात आहे.

इथे आज एकोणचाळीस. तिथे म्हणे बारा.
स्वेटर असतो कुणाकडे सोलापुरात?
चादर नेतेय. शेंगाचटणी सव्वा किलो.
विमान हैदराबादहून आहे,
आणि हैदराबादच्या पुढे मी कधी गेलेली नाही, तुला ठाऊक आहे.
भीती वाटते म्हटलं, तर अक्कूनं वही उघडून
नवीन पान आखलं: तारीख, वेळ, वारा.
नऊ ओळी.
'आई दिसली नाही' आधीच लिहून ठेवलंय,
खालचं वाक्य कोरं.

थांबते. नळ फुसफुसायला लागलाय.
पोरं बादल्या घेऊन
माझ्याआधी पोचलीत.