शेऱ्याचा रकाना

गणेशपेठ स्टँडवर माझी खिडकी.
कूलरच्या वाऱ्यानं नोंदवही उडू नये म्हणून
पानांवर ठेवलेला रुळाचा तुकडा,
वीतभर, गंजका,
मे महिन्यातल्या पहाटे तेवढा गार.

नन्नावऱ्यांनी दिला तो.

डोमाजी नन्नावरे. छोट्या लाईनवर फाटकवाले,
कुहीच्या अलीकडचं फाटक, तेवीस वर्षं.
मग गाडी बंद झाली, रूळ उचलले,
फाटक कंत्राटदारानं नेलं की गावातल्या लोहारानं
ते त्यांना अजून कळलेलं नाही.
आता भिवापूरला लेकीकडे जायचं तर माझ्या खिडकीशी यावं लागतं.

"बाई, भिवापूर कितीले लागन?"
"पावणेनऊ."
"लय लवकर होते, बाप्पा."

इथं सगळे उशिरावर भांडतात.
काटोलची पंक्चर, रामटेकचा ड्रायव्हर जेवायला गेलेला,
उमरेडच्या मास्तरीणबाई घड्याळ काचेवर आपटून दाखवतात.
वेगाची तक्रार आणणारा हा एकच.
गंमत म्हणून मी तक्रारवही पुढे सरकवली.
त्यांनी चष्मा लावला
आणि एकेक काना ताठ उभा करत लिहिलं:

'टिटूरला खाली उतरून, पाणी पिऊन,
निघालेल्या गाडीत परत बसता येत होते.
बसमध्ये ही सोय नाही.
तरी विचार व्हावा.'

साहेबांची सही झाली त्यावर. पाहिले.

त्या मंगळवारी संध्याकाळी वावटळ आली.
धूळ, पन्न्या, कुणाचा तरी दुपट्टा,
कॉटन मार्केटकडून उडत आलेली कांद्याची सालपटं.
वीज गेली. माझा माईक मुका.
स्टँडच्या तोंडाशी नऊ बसगाड्या
एकमेकींत शिंगं अडकल्यासारख्या,
त्यांच्यामध्ये ऑटो, ऑटोंमध्ये मोटरसायकली,
आणि प्रत्येकाचा हॉर्न दुसऱ्यासाठी.
मी खिडकीतून ओरडत होते,
माझं मलाच ऐकू येईना.

तेव्हा डोमाजींनी कापडी पिशवी माझ्या काउंटरवर ठेवली.
रस्त्याच्या मधोमध गेले
आणि दोन्ही हात आडवे केले.

एवढंच.
शिटी नाही, शिवी नाही.
ऑटोवाले थांबले. का थांबले, त्यांनाही सांगता येणार नाही.
हिंगणघाट निघाली.
वर्धा निघाली, मागोमाग पवनी,
एक लग्नाची रिकामी गाडी, झेंडूसकट,
आणि मग भिवापूर,
तिकीट काढलेली, खिडकीशी रुमाल टाकून धरलेली
त्यांची स्वतःची बस.

तिलाही त्यांनी जाऊ दिलं.
शेवटचा लाल दिवा वळणाआड गेल्यावर
हात खाली आले, सावकाश, दोन्ही एकदम.

पिशवी न्यायला आले तेव्हा भुवया धुळीनं पांढऱ्या.
मी म्हटलं, काका, काहून नाही बसले तुम्ही?
"फाटकवाला कधी गाडीत बसते का, बाई?"
मग पाणी प्याले. माझ्याच बाटलीतलं, वरून.
"पुढची कितीले लागन?"
"अकरा वाजतील."
"हाव. आता बरोबर."

रुळाचा तुकडा त्यांनी पुढल्या मंगळवारी आणला,
वर्तमानपत्रात गुंडाळून, मिठाईसारखा.
कुठून आणला, मी विचारलं नाही.

त्या रात्री मात्र नोंदवही भरायची होती.
नऊ गाड्या, नवांनाही बावीस मिनिटं उशीर,
आणि शेऱ्याचा रकाना कारण मागत होता.
मेणबत्ती लावून मी लिहिलं:
फाटक बंद होते.

गणेशपेठला कुठलं फाटक, कुणी विचारलं नाही.
साहेबांची सही झाली. पाहिले.