पॉलिश

हुबळीहून आलेला तो पोरगा
घड्याळ आधी कानाला लावत नाही.
आमचं गिऱ्हाईक पहिल्यांदा कानाला लावायचं,
मग पैसे विचारायचं.
हा घड्याळ पालथं करतो, डोळ्यात भिंग बसवतो,
आणि कन्नडमधून विचारतो,
पॉलिश केलंय काय?

केलंय की.
सगळ्यांचं केलंय.
शहापुरात या एवढ्याशा दुकानात बसून एक्केचाळीस वर्षं,
नवरदेवाचं असलं तर फुकटात.
डायलवर डाग दिसला, दिली मुंबईला रंगवायला.
काटे गंजले, घातले दुसरे.
ओरखडा दिसला की बफवर धरायचं
केसच्या कडा साबणाच्या वडीगत गोल होईतोवर.
गिऱ्हाईक म्हणायचं, मामा, आत्ता दुकानातनं आणल्यागत झालं!
त्या वाक्यावर जेवलोय मी.

पोरगा हळहळला.
म्हणाला, कडा गेल्या की किंमत गेली.
रंगवलेली डायल कोण विचारत नाही.
काळी डायल उन्हानं चहागत झालेली असली
तर लोक मोटारसायकलचे पैसे मोजतात.
रेडियम पिवळं पडू दे, काच तडकू दे,
पण चावी तीच पाहिजे, कारखान्यातनं आलेली.
आणि कुणाचं होतं ते कळलं, तर दुप्पट.

मी मनात आकडा धरायला गेलो,
या अंगठ्यानं किती पुसलं असेल.
हजारावर गेल्यावर सोडून दिलं.
बफची मोटर कोपऱ्यात होती, तिच्यावर टॉवेल टाकला.

मग उठून खालचा खण ओढला.
न्यायला न आलेल्यांचा.
कुंद्याच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
एकच राहिलं होतं मी न घासलेलं.
डायल चहाच्या रंगाची.
काचेवर एका बाजूलाच ओरखडे, तिरके.
मुट्टब्याड्री, म्हणाला तो,
हात लावू नका,
आणि स्वतःच झाकण उघडलं, श्वास धरून.

आत सुईनं कोरलेलं होतं, मुंगीएवढं.
वडिलांची खूण. त्यांचा वाकडा द, आणि अडुसष्ट साल.
त्याच्या शेजारी, अगदी खेटून,
धारवाडच्या कुणा कारागिराची कन्नड अक्षरं, पंच्याहत्तर.
दोघे कधी भेटले नसतील.
बाहेर पाट्यांवरनं किती डोकी फुटली त्या वर्षांत,
इथं एका नाण्याएवढ्या पत्र्यावर
दोघांनी एकमेकांना जागा सोडलेली.

तिसरी खूण नाही.
ती माझी पाहिजे होती.
बॅलन्सचा दांडा मिळत नव्हता तेव्हा,
पुढच्या आठवड्यात या, म्हणालो.
आला. परत तेच म्हणालो.
तिसऱ्यांदा सायकल बाहेर लावून नुसता बघून गेला.
नंतर नाही.

पोरग्यानं भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वण उमटला होता.
चाळीस हजार, म्हणाला.
मी गप्प, तर पंचेचाळीस.
आमच्या घरात इतके पैसे एकदम
फक्त दवाखान्यासाठी आलेत.

कुणाचं होतं सांगा, म्हणाला, लिहून घेतो.
वही काढली त्यानं. चांगली वही होती.

लिहा, म्हटलं.
सातेरी हलगेकर. देसूरचं रेल्वे फाटक.
ओरखडे फाटकाच्या साखळीचे आहेत.
डायल तपकिरी झाली ती उन्हात हात वर धरून,
बावटा दाखवून दाखवून.
पण एक दुरुस्ती करा तुमच्या वहीत,
होतं नव्हे. आहे.

तो हसला. चाळीस वर्षं झाली ओ मामा.

झाली असतील.
पावतीवर वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत
एकच गोष्ट छापलीय,
पावती दाखविल्याशिवाय घड्याळ मिळणार नाही.
मीच छापून घेतलीय, मठ गल्लीतनं.

आणि दुसरं असं की
त्याच्याकडनं पाच रुपये ॲडव्हान्स घेतलाय मी.