डावीकडे उतार

प्राचार्यांनी विचारलं, पद्धत कुठली ठेवणार?
कँटीनला आज भाजी कुठली, तसं.
म्हटलं, आठवडाभर बघतो.

आधी मैदान बघितलं.
साखळीची टेकडी, चिऱ्याची लाल माती,
वरच्या कडेला गवत, खालच्या कडेला
पावसाने स्वतःच खणलेला पाट.
चेंडू मध्यावर ठेवून हात काढला
तर तो आपणहून निघाला डावीकडे,
घरी कोणी वाट बघत असल्यासारखा.

मग वेळ मोजली.
तास सुटतात चारला,
वाळपईची कदंब पावणेसहाला.
अकरांतले सात जण तिच्यात बसतात,
आणि ती चुकली तर केरीच्या दोघांना पुढे काहीच नाही.
बूट घालणं, बूट काढणं, नळावर पाय धुणं वजा जाता
एक तास. कधी पन्नास मिनिटं.

माझ्या आधीचे सर फळ्यावर त्रिकोण ठेवून गेले होते.
गोलीपासून सुरुवात, छोटे पास, जमिनीवरून.
पुसायला डस्टर उचललं आणि उभा राहिलो,
कारण ते त्रिकोण माझेच होते.
वास्कोच्या क्लबात आठ नंबर घालून
सहा मोसम मी एवढंच केलं:
घे, दे, सरक.
गुडघा गेला. तीन शब्द राहिले.

ती पद्धत चांगली आहे, हे मला कोणी सांगायला नको.
पण तिला एका ताटात जेवलेली माणसं लागतात.
पाठमोरा उभा असलेला गडी
कुठल्या पायावर भार देऊन आहे
हे न बघता कळावं लागतं.
पन्नास मिनिटांत मुळाक्षरं होतात,
बोलणं नाही.

शिवाय सर्वेश माजिक.
हातांनी काहीही पकडतो, अगदी वटवाघूळसुद्धा.
पायाशी चेंडू आला की डोळे मिटतो.
गेल्या वर्षी म्हापशाला, उपांत्य सामन्यात,
त्रिकोणाचा पहिला कोपरा त्याच्याकडे होता.
त्याने पास दिला. नीट, मोजून, पायात.
समोरच्यांच्या नऊ नंबरच्या.

आणि भागो झोरे, धनगरवाड्यावरचा, इतिहासाचा विद्यार्थी.
पायात दिलेला चेंडू त्याच्या नडगीवरून उडतो.
रिकाम्या जागेत टाकलेला मात्र
तो टाकणाऱ्याच्या आधी ओळखतो.
कसं रे, विचारलं.
"म्हस खंय वतली तें आदींच कळटा, सर."

शुक्रवारी फॉर्म भरला. चार-चार-दोन.
मागून लांब, डाव्या कडेला, भागोच्या पुढ्यात;
तिथून आत, उंच,
मेल्विन कुतिन्होच्या मोडून सांधलेल्या नाकाच्या दिशेने.
प्राचार्य म्हणाले, जुनं नाही वाटत? टीव्हीवर तर...
म्हटलं, जुनंच आहे. कदंबसुद्धा जुनी आहे.

हे सगळं पटण्यासारखं आहे.
म्हापशाचं मैदान सपाट आहे, हेही मला माहीत आहे.
त्याचं काय करायचं, ते ठरलेलं नाही.

आणि अल्ताफ बेपारीचं.
पाच फूट चार, घर बाजारातच, बस नको त्याला.
चेंडू त्याच्या पायात येऊन गप्प होतो.
आता तो सबंध सामना
डोक्यावरून जाणारा चेंडू मान वर करून बघत असतो,
गावावरून विमान जावं तसा.
परवा विचारलं त्याने, मी नक्की काय करायचं?
मी म्हटलं, दुसरा चेंडू. खाली पडलेला तुझा.
उत्तर बरोबर होतं. त्याने मानही हलवली.

कदंब वळणाआड गेली की आम्ही दोघंच उरतो.
तो दहा पावलांवर, मी दहा पावलांवर,
माझा गुडघा कुरकुरत.
घे. दे. सरक.
कोणी बोलत नाही.
अंधार पडत जातो, एक पास कमी पडतो,
चेंडू पाटात उतरतो,
आणि कोणी आणायचा यावर
थोडा वेळ दोघंही उभे.