ल

आधी वाटलं, उन्हानं झालं असेल.
घोंगडे वस्तीत मे महिन्यात पत्र्याखाली
माणूसही दोन हाका मारल्यावर ओ देतो,
हा तर सातशेचा बिनवायरचा कीबोर्ड.
बटण दाबून मी चहाचा घोट घ्यायची,
मग अक्षर उमटायचं.
कधी तेही नाही.

भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून घातला.
घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं,
कीबोर्ड चालला अकरा ओळी.
मग रिमोटमधले दोन.
मग सीपीयूच्या पाठीतून ते चमकीएवढं उपसलं,
फुंकलं, पदराला पुसलं, पुढच्या भोकात खोचलं,
लोखंडी कपाटापासून टेबल हातभर ओढलं
आणि बाई, धावायलाच लागली की अक्षरं!
सगळी.
एक सोडून.

ल येईना.
ळ त्याच बटणात राहतो, शिफ्टच्या माडीवर,
तोही येईना.
इचलकरंजीच्या पार्टीचं चलन अर्धं झालेलं:
टॉवे, बारा डझन.
मा पोहोचा की कवा.
आणि वर आमच्या गावाचं नाव:
सो, मग ठिपक्याठिपक्यांचा एक पोकळ गोल, त्याला काना,
मग पूर.

नव्या पेठेत दुकानदाराला फोन लावला.
“फेका की वहिनी. नवीन साडेआठशेला बसतंय.
वायरलेसचं असंच असतंय.”

मामा उंबऱ्याशी बसून ऐकत होते.
मल्लय्या जॉबर.
बेचाळीस वर्षं मागांची दुखणी काढली नुसत्या कानानं:
धोटा घासतोय, पिकर सैल झालाय,
तिसऱ्या मागाचा ताणा ढिला.
त्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला, पालथा केला,
कडेकडेनं अंगठा फिरवला.
“ह्याचा दारम कुठाय?”
मामा, ह्याला दोरा नसतोय.
“मग तुटलाय ते कळायचं कसं?
दिसलं तर गाठ मारता येतीय.”

तेवढ्यात नळ गुरगुरला. पाचवा दिवस.
दीड तास घागरी, टाकी, बादल्या,
शेजारच्या सुगुणक्कांशी पाइपावरून थोडं भांडण.
ओल्या पायांनी परत येते तर
मामांनी फणी भरायची पितळी आकडी काढलेली,
आणि टॉवेलावर बटणं मांडलेली ओळीनं,
दात पडल्यासारखा माझा कीबोर्ड.
ओरडणारच होते.

ल-च्या खाली, मसुरीच्या दाण्याएवढी,
कापसाची गुठळी. राणी रंगाची.

ह्या खोलीत चार माग होते.
भंगारवाल्यानं नेले त्याला दिवाळीत तीन वर्षं होतील.
फरशीत बोल्टांची सोळा भोकं होती, सिमेंटनं बुजवली,
तरी झाडताना केरसुणी तिथं अडखळते.
कीबोर्ड तेव्हा नवा होता.
शेवटच्या वर्षी हिशेबाला म्हणून घेतलेला, मागांच्या शेजारीच.

मामांनी गुठळी चिमटीत धरून उजेडाकडे नेली.
“शेवटच्या बीमचं हे. पार्टीनं परत पाठवलेला माल.”
मी काही बोलले नाही.
बटणं ज्याच्यावर मांडली होती
तो टॉवेल त्याच मालातला.

बटण बसवून त्यांनी जाड बोटानं दाबलं
आणि दाबूनच धरलं.
ललललललललललललल
ओळ भरली, दुसरी लागली, तिसरी.
ते पडद्याकडे बघत राहिले, मान जराशी कलती करून,
कान लावल्यासारखी.
“निघतंय की कापड,” म्हणाले.
चार-पाच पानं निघू दिली मी.

आता ल थोडा तिरका बसतो.
घाईत असले की एकाला दोन देतो.
चलन तसंच गेलं, सोललापूरहून.
पार्टीचा फोन आला, भावात डझनामागे चार रुपये तोडायला.
गावाबद्दल काही बोलले नाहीत.

घड्याळ अजून चार-दहालाच आहे.
त्यातला सेल कुठला,
हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही.