छाट

परिपत्रक सोमवारी आलं.
दोन पानं, खाली गोल शिक्का, जरा पुसटच.
आता धाकट्या कोर्टालाही मोठ्या रकमेचे दावे चालवता येणार.
मला कुणी वाचून दाखवलं नाही,
एवढंच सांगितलं: मल्लू, वरचे गठ्ठे खाली आण.

त्याआधी बाररूममध्ये हात वर करून मतदान झालं होतं.
हत्तुरे वकील विरोधात, त्यांची सगळी प्रॅक्टिस वरच्या मजल्यावर.
हात मोजायला मलाच उभं केलं.
एकेचाळीस बाजूनं, अडतीस विरुद्ध,
एक हात अर्धाच वर. तो म्हणाला, मी चहा मागत होतो.
शिपायाला मत नसतं.
पक्षकाराला तर नसतंच.

एकशे सोळा गठ्ठे.
दगडी जिना, मधली पायरी झिजून वाटीसारखी.
कोंडाबत्तिनी विरुद्ध कोंडाबत्तिनी:
हा गठ्ठा ओळखीचा, बारा वर्षांपूर्वी मीच वर नेलेला.
अशोक चौकामागची शेड, चार माग, दोन भाऊ.
मागांची किंमत वाढली, खालच्या कोर्टाच्या आवाक्याबाहेर गेली,
म्हणून दावा जिना चढला.
तो वर असताना थोरला भाऊ गेला.
मग माग गेले, भंगारात, किलोवर,
टॉवेलांचा अर्धा ताणा अंगावर घेऊनच, म्हणे.
गठ्ठा तेवढा जाड होत राहिला.

बिराजदार मॅडम नव्या.
आधी रुमालानं धूळ पुसतात, मग वाचतात.
मूल्यांकनाच्या कागदावर थांबल्या.
"आता जे उरलंय," त्या म्हणाल्या,
"ते माझ्या जुन्या अधिकारातसुद्धा बसलं असतं."
स्टेनोनं विचारलं, हे घेऊ का मॅडम?
नको, म्हणाल्या.

व्हरांड्यात लचमव्वा, थोरल्याची बायको.
विड्यांचं सूप घरी ठेवून आलेली,
तरी बोटं वळतच होती, पान नसताना.
मी समजावलं: मॅडमचा अधिकार वाढला, मावशी,
आता जिना नाही चढायचा, गुडघ्यांना बरं.
ती बराच वेळ गप्प.

मग म्हणाली,
आमच्या कारखान्यात बी चेकरचा अधिकार वाढला होता की हो एकदा.
आधी हजारात चाळीस इड्या छाटायचा,
मग ऐंशी छाटाय लागला.
छाटल्याली परत देत न्हाई, पैसं बी देत न्हाई.
हिचा वाढला म्हंजी काय,
आमच्यासाठी वाढला,
का छाट वाढली?

मी उत्तर न देता दारात उभा राहिलो.
पुकाऱ्याची वेळ झाली होती. तीस वर्षं ह्याच घशावर घर चाललंय.

"कोंडाबत्तिनी राजमौळी हाजिर हो..."

वारसाचा अर्ज वरच्याच मजल्यावर राहिलाय कुठंतरी,
म्हणून यादीत नाव अजून त्याचंच.

लचमव्वा भिंतीला धरून उठली.
"हाय," म्हणाली,
आणि चपला काढून आत गेली.