चार हजार तीनशे साठ

गल्ल्यात चार हजार तीनशे साठ दिरहम कमी भरले
आणि गल्ल्याची चावी माझ्याकडे.
एवढंच.
फुजैराच्या पोलीस ठाण्यात एसी इतका
की मी ओढणी कानांवरून घेतली.
कोवळ्या हवालदाराला वाटलं, मान देतेय.
त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

माझं नाव त्याच्या लिपीत मावेना.
प नाही त्यांच्यात.
परिमला पेडणेकरची झाली बरिमला बिदनिकार,
गुन्हा दाखल झाला तिच्यावर.
क्षणभर हायसं वाटलं,
बघून घेईल ती बिदनिकरीण.

जबाब उजवीकडून डावीकडे.
खाली माझा अंगठा. बी.कॉम. असून अंगठा.
पासपोर्ट खणात गेला, जामीन म्हणून,
खण बंद होताना थोडा अडकला,
त्यानं गुडघ्यानं ढकलला.

नियाबात कळलं, समोर वकील बसलाय.
ओळखीचा शब्द. जिवात जीव आला.
सगळं सांगितलं त्याला, भाचीची नर्सिंगची फी,
वेंगुर्ल्याच्या पतपेढीचा हप्ता,
नंबियार मॅनेजर आठ दिवस नजर का चुकवतात तेही.
तो लिहून घेत होता.
मग दुभाषा हळूच म्हणाला, बाई,
हा वकील सरकारचा.
आरोप हाच ठेवणार.

दुभाषा निझामाबादचा, मुनीरुद्दीन,
मराठी देगलूरच्या बाजारातलं.
म्हणाला, तुमचे निम्मे शब्द इथलेच,
दर्यातून जाताना अर्थ तेवढे भिजले.
तक्रार म्हणजे इथे पुन्हा पुन्हा.
खरंच की. तेच ठाण्यात, तेच नियाबात, तेच कोर्टात,
प्रत्येक वेळी नव्या फाईलला, नवी टाचणी.
मी म्हटलं, त्यांना सांगा मी गरीब आहे.
तो हसला नाही.
गरीब म्हणजे परका,
ते त्यांना दिसतंच आहे.

पावत्या जपल्या होत्या पिशवीत,
पण ते चकचकीत कागद,
भावोजींच्या गाडीत जून महिनाभर राहिले.
उघडले तर कोरे.
अख्ख्या मोसमाची अत्तरं, पांढरीफटक.

राहिली वही.
शटर पडलं की दिवसाचा हिशेब लिहायचा,
बाबांच्या दुकानातली खोड.
१० मार्चच्या ओळीत: मालकांचा धाकटा, ४३६०, नेले.
सही घेतली नाही. मालकाच्या पोराची सही कोण मागतं?
पण माझा एक त्यांचा नऊ दिसतो
आणि माझं शून्य त्यांचं पाच.
दहा मार्च झाला पंच्याण्णव मार्च.
असा दिवस कुठल्याच वर्षी येत नाही,
म्हणून सतरा दिवस पुढची तारीख.

सतरा दिवसांनी आकड्यांचंही भाषांतर जोडलं,
शिक्क्यानिशी, दीडशे दिरहम.
मग काझींनी त्या रात्रीचं कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं.
(काझी म्हटलं की मला अजून निकाहच आठवतो.)
मी ते पाहिलं नाही.
नंबियार पाहून आले, बाहेर बाकावर बसले,
माझ्यापासून दोन जागा सोडून,
बाटलीचं झाकण फिरवत, उघडायचं, लावायचं.
मालकाला कागद हवा होता, म्हणाले.
कुणाला उद्देशून, कळलं नाही.

निकालाला तीन ओळीही लागल्या नाहीत.
मुनीरुद्दीन वाकून म्हणाला, बरी.
मी म्हटलं, हो, बरी आहे,
जरा गुडघा दुखतो.
तो म्हणाला, नाही बाई, त्यांच्या भाषेत. निर्दोष.

सरकारी अपिलाची मुदत पंधरा दिवस,
तोवर पासपोर्ट खणातच.
व्हिसाचा दंड वेगळा, त्याची खिडकी वेगळी.
सोळाव्या दिवशी डबा घेऊन गेले, उशीर होणार म्हणून.
कारकुनानं गठ्ठ्यातून एक काढला,
काचेतून ओरडला,
बरिमला बिदनिकार.
कुणी उठलं नाही.
पुन्हा ओरडला.
डबा पिशवीत घातला आणि उठले.