मंजुरीचा अर्ज

सीबीएसजवळ कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझा टाइपरायटर. हसाल, पण चालतो अजून.

मुरलीधर तांबट पाचव्यांदा आलाय.
अर्ज तोच, तारीख तेवढी नवी:
'सदर अंमलदारावर खटला भरण्यास
मंजुरी मिळणेबाबत.'

अंमलदार बढतीवर मालेगावला गेले.
हेरंबची बोटं होती तिथंच आहेत,
तीन आखडलेली,
चौथं थंडीत ठणकतं.

उत्तर येतं, तेही पाठ झालंय:
'कर्तव्य बजावत असताना घडलेली कृती.'
ही ओळ इतक्यांदा उतरवली
की माझा 'क' झिजला.

मेहुणा माझा खात्यातच.
कुंभात तीन रात्री घाटावर उभा,
बुडत्या बाईला ओढलं
तर तिचा खांदा निखळला.
उद्या तिनं केस टाकली असती तर?
म्हटलं, मुरलीधरभाऊ,
कायद्यानं उगाच नाही दिली ढाल.

तो बोलला नाही.
पिशवीतून तांब्या काढला, उलटा धरला उन्हात.
'हे ठोके बघा. गळ्याजवळचे वडलांचे,
पोटावरचे माझे,
बुडाशी हे चार हेरंबचे, शेवटचे.
आमच्या आळीत ठोक्यावरून हात ओळखतात.
भांडं गळलं
तर ज्याचा ठोका, त्यालाच बोलावतात.
चुकून पडलेला कुठला, मारलेला कुठला,
तेही तिथंच कळतं,
भांडं समोर ठेवल्यावर.'

मेहुण्याचंही तिथंच कळलं असतं,
हे मी बोललो नाही.

कागद चढवला.
'क'वर हल्ली
दोनदा मारावं लागतं.